बुरुजावरून ओ

दत्तरावांच्या सगुणामावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. परभणीला डोळ्यांचं शिबिर लागणार होतं आणि मावशी काही केल्या यायला तयार नव्हती. निरोप पाठवावा, तर ‘तूर निघू द्या’ एवढंच उत्तर यायचं. शेवटी दत्तराव म्हणाले, आपणच जाऊन गळ घालू. सकाळच्या गाडीनं निघू, संध्याकाळच्या गाडीनं परत. नाताळची सुट्टी होती, थंडीही बेताची होती. त्यांच्या बायकोनं, मनकर्णेनं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून घेतली आणि दोघं झरीच्या फाट्यावर जिंतूरच्या गाडीची वाट बघत उभे राहिले. ही गोष्ट एक्याण्णव सालची.

दत्तराव झरीच्या शाळेत मास्तर होते. माणूस सरळ, थोडा तापट. त्यांची एक खोड साऱ्या गल्लीला ठाऊक होती. त्या काळी झरीत नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. ‘अगं ए’, ‘ऐकलं का’, नाही तर थोरल्या पोराचं नाव घेऊन काम भागवायचं. दत्तराव मात्र गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरता उतरताच ‘मनकर्णा’ अशी खणखणीत हाक द्यायचे आणि घरातून तेवढीच खणखणीत ‘ओ’ यायची. सुरुवातीला शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पुढं त्यांनाही सवय झाली. त्या हाकेवर चहाचं आधण ठेवणारी एक शेजारीण होती.

दत्तरावांचं म्हणणं असं, की नावासाठी माणसं मेली. कॉलेजात असताना ते स्वतः विद्यापीठाच्या नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंग बघून आले होते. मग आपल्याच माणसाचं नाव गिळून बोलायचं कशाला? मनकर्णेलाही ते आवडायचं. ती पाथरीची. तिथल्या शाळेत पहिली काही वर्षं तिला कुणी नावानं पुकारलं नव्हतं. ‘ए, मागं सरक’ एवढंच तिचं नाव होतं. आता ती बालवाडी चालवायची आणि एकेका पोराला पूर्ण नावानं बोलवायची.

जिंतूरला उतरून ते जीपनं हिवऱ्याला पोचले, तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. सगुणामावशी दारातच बसली होती. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात तिचं छप्पर जाळलं गेलं, तेव्हापासून घरावर पत्रे होते. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. जयभीम झाला, पाणी झालं. डोळ्यांचा विषय निघाला आणि मावशीनं तो तुरीच्या शेंगांवर नेऊन सोडला. दत्तराव समजावत होते. मनकर्णेचं लक्ष मात्र अंगणातून वर गेलं होतं.

हिवऱ्याच्या मागं डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर दुसरं एक गाव होतं. काळ्या दगडाचा तट, तटाला बुरूज, तटाच्या आत एकाला एक लागून घरं. पायथ्यापासून बघताना वाटायचं, कुणी आत्ताच पुसून ठेवलंय. जुन्या गढ्या सगळीकडं ढासळलेल्या असतात. इथं एकही दगड निसटलेला दिसत नव्हता.

“मावशी, ते वर काय हाय?” मनकर्णेनं विचारलं.

“वरलं गाव,” मावशी म्हणाली आणि उठून चुलीकडं गेली.

मनकर्णेनं हट्टच धरला. संध्याकाळच्या गाडीला वेळ होता. दत्तरावांनाही जुन्या दगडधोंड्यांची आवड होती. जेवणं झाल्यावर दोघं निघाले, तेव्हा मावशी काठी टेकत दारापर्यंत आली. तिनं आधी आढेवेढे घेतले आणि मग सांगून टाकलं. शेकडो वर्षांमागं वरचा तट बांधायला घेतला. दिवसा बांधावा आणि रात्री मावळतीचा बुरूज ढासळावा. तेव्हा कुणी तरी जाणत्यानं सांगितलं, की आत जिवंत बाई बसवा. बाई कुठली? तर खालच्या वस्तीतली, आपल्यातलीच, नुकती लग्न होऊन आलेली. तिला चिणली आणि बुरूज उभा राहिला. तेव्हापासून वरल्या गावची भिंत पडली नाही. पाऊस होवो, वीज पडो.

दत्तरावांच्या कपाळाची शीर तटतटली. असल्या गोष्टी त्यांनी ऐकल्या होत्या, पण आपल्याच आजोळच्या दारात कधी ऐकल्या नव्हत्या.

“तिचं नाव काय होतं, मावशी?” मनकर्णेनं विचारलं.

“त्येच तर कुणाला ठाऊक न्हाई, माय.” मावशीनं तिचा हात धरला. “एक ध्यानात ठिव. वर गेल्यावर येकमेकाला नाव घिऊन हाक मारायची न्हाई. वरली माणसं बी मारत न्हाईत. दत्ता, तुला सांगायलेय मी.”

दत्तराव हसले. बरं बरं म्हणाले. पायऱ्या चढू लागले तेव्हा मनकर्णेला म्हणाले, नावं लपवायचे दिवस गेले आपले.

पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झाल्या होत्या, पण एकही डुगडुगत नव्हती. वेशीच्या दाराला हातभर लांबीचे खिळे होते. दत्तरावांनी सहज हात लावला तर ते अवजड दार कुरकुर न करता हललं. आत काळ्या फरशीची गल्ली होती. दोन्ही बाजूंना दगडी जोती, त्यांवर कोरीव चौकटी, चौकटींवर कमळं आणि हत्ती. कमळाची एक पाकळी तुटलेली नाही की हत्तीची सोंड झिजलेली नाही. अंगणं ताज्या शेणानं सारवलेली. पुढं एक जुनं देऊळ, त्याला खेटून पांढरी मशीद, मध्ये पायऱ्यांची बारव. बारवेत पाणी एवढं स्वच्छ, की तळाची शिळा दिसावी. मनकर्णा लहान पोरीसारखी पुढं पुढं पळत होती. प्रत्येक खांबाला हात लावून बघत होती.

दत्तरावांना मात्र काही तरी खटकत होतं. थोड्या वेळानं लक्षात आलं. गाव ओस नव्हतं. ओट्यांवर म्हातारे बसले होते, दारांत बाया धान्य निवडत होत्या, कुठं तरी जातं फिरत होतं. पण गावाला गावाचा आवाज नव्हता. एका बाईनं दारात येऊन दोनदा टाळी वाजवली, तर समोरच्या घरातून दुसरी बाहेर आली. एका आईनं पितळी ताटलीवर उलथनं वाजवलं आणि तिचं पोर खेळ सोडून निमूट घरी गेलं. कुणी कुणाला पुकारत नव्हतं. झाडावरचे कावळेसुद्धा जणू शिकवल्यासारखे गप्प होते.

देवळाच्या खांबावर वाद्य वाजवणारी एक बाई कोरलेली होती. ती दाखवायची म्हणून दत्तरावांनी सवयीनं हाक मारली.

“मनकर्णा, इकडं ये.”

“ओ,” ती म्हणाली आणि आली.

जातं थांबलं. धान्य पाखडणारा हात थांबला. कुणीही मान वळवली नाही, पण साऱ्या गल्लीचं काम थांबलं. मग कडेच्या ओट्यावरून एक म्हातारी उठली. वाकलेली, अंगावर धुवट लुगडं. ती त्यांच्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, “पाव्हणं, हितं नाव घिऊन हाक मारू नका. ऐकतंय ते.”

कोण ऐकतंय, हे तिनं सांगितलं नाही. कुठले, कुणाचे म्हणून विचारलं. दत्तरावांनी मुद्दाम ताठ आवाजात सांगितलं, की आम्ही खालच्या सगुणाबाईचे, खालच्या वस्तीतले. त्यांना वाटलं, आता म्हातारी मागं सरकेल. ती सरकली नाही. तिनं त्या दोघांकडं बराच वेळ बघितलं, मनकर्णेकडं जास्त.

“मंग तुमाला दावायलाच पायजे,” ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.

मावळतीचा बुरूज गावाच्या टोकाला होता. तिथवर ऊन येत असूनही दगड गार होते. बुरुजाच्या पोटात छातीच्या उंचीवर एक भोक होतं, मनगट जाईल एवढं. खाली कोनाडा, कोनाड्यात हिरव्या बांगड्यांचा खच आणि कुंकू लावलेला खण. दत्तरावांनी भोकाशी हात धरला. आतून गार हवा आली. मग थांबली. मग पुन्हा आली. ओल्या चुन्याचा वास होता, आणि त्याच्या मागं आणखी एक वास, बंद पेटीत बरीच वर्षं ठेवलेल्या लुगड्यासारखा.

“तुमी बांगड्या वाहता,” दत्तराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “नाव तेवढं ठेवलं न्हाई कुणी.”

म्हातारीला राग आला नाही. ती कोनाड्यापाशी टेकली आणि समजूत घालावी तसं बोलली. “नाव ऱ्हायलं असतं तर भिंत ऱ्हायली असती व्हय, पाव्हणं? ज्याला नाव हाय, त्ये हाक मारली की उठून जातं. हिला हाक मारायला कुणापाशी नावच न्हाई… म्हून बसलीय. म्हून तर आमी बी कुणाचं नाव तोंडातून काढत न्हाई. न जाणो, एखादं उचलंल आन्‌ उठंल.”

दत्तराव काही बोलणार, तोच मनकर्णा पुढं झाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं तळहात दगडावर ठेवला, तोंड भोकाशी नेलं आणि बाजूच्या घरातल्या बाईशी बोलावं तशी बोलली.

“बाई, लय दिवस झाले गं… तुला कुणी नावानं बोलावलं न्हाई. माझं नाव मनकर्णा हाय. तुला न्हाई ना? मग माझं घे.”

भोकातून येणारी हवा थांबली. दत्तराव वाट बघत राहिले. ती पुन्हा आली नाही.

म्हातारी उठली. एवढ्या वयाच्या बाईनं इतक्या चटकन उठावं, याचं दत्तरावांना तेव्हाही नवल वाटलं. ती मागं न बघता गल्लीतून चालत गेली आणि आपल्या घरात शिरली. दार लागलं. मग शेजारचं दार लागलं. मग त्याच्या पलीकडचं. घाई नाही, आदळआपट नाही. एकामागून एक साऱ्या गल्लीची दारं लागत गेली, आणि कड्या आतून घातल्याचा आवाज वेशीपर्यंत पोचला.

“चल,” दत्तराव म्हणाले.

ते पुढं, ती मागं. वेस ओलांडून ते पायऱ्यांवर आले तेव्हा उन्हं कलली होती, खाली हिवऱ्यात चुलींचा धूर दिसत होता. रोजचं ते दृश्य बघून दत्तरावांना बरं वाटलं. आपण उगाच दचकलो, असं वाटलं. एक पायरी फार उतरती होती. ती ओलांडून ते मागं न वळताच म्हणाले, “मनकर्णा, जपून गं.”

“ओ…”

आवाज वरून आला. तटावरून. लांबचा, पण स्पष्ट, बाईचा.

दत्तरावांनी वळून बघितलं. मनकर्णा त्यांच्या मागंच उभी होती, हात लांबवला तर लागेल एवढी जवळ. तिचे ओठ मिटलेले होते. ती त्यांच्याकडं बघत होती, परकी भाषा ऐकणाऱ्या माणसानं बघावं तशी.

डोंगरात आवाज घुमतो. दत्तरावांनी स्वतःला तसं सांगितलं. पण हाक घुमली तर हाकच परत यायला हवी. खात्री करायची म्हणून त्यांनी तिच्या डोळ्यांत बघत, हलकेच, पुन्हा नाव घेतलं.

“मनकर्णा…”

ती हलली नाही. आणि वरून, या वेळी थोडी लगबगीनं, आनंद झाल्यासारखी, “ओ” आली.

दत्तरावांनी तिचं मनगट धरलं. ते दगडासारखं गार होतं. मग वेड्यासारखं तिला ओढत ते खाली उतरले. मावशी दारातच उभी होती. तिला धड दिसत नव्हतं, पण तिनं मनकर्णेचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि हात मागं घेतले.

“कुणी दिलं?” तिनं विचारलं. “तू दिलंस का हिनं आपल्या हातानं दिलं?”

“हिनं दिलं,” दत्तराव म्हणाले.

मावशी खाली बसली. डोळ्यांचं शिबिर, तूर, सगळं मागं पडलं.

झरीला आल्यावर पहिले काही दिवस दत्तराव मनाला समजावत राहिले. मनकर्णा उठायची, झाडलोट करायची, भाकरी थापायची. ‘अगं’ म्हटलं तर वळून बघायची. नावानं बोलावलं, तर तिच्यापर्यंत ते पोचतच नसे. बालवाडीत एका नव्या पोरानं नाव विचारलं, तेव्हा ती बराच वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, “ठाऊक न्हाई रे.” पोरं हसली. तीही हसली. त्या संध्याकाळी तिची मदतनीस घरी येऊन दत्तरावांना सांगून गेली, की बाईंना थोडी विश्रांती द्या.

परभणीच्या डॉक्टरांनी तपासलं. मेंदूला काही झालेलं नाही म्हणाले. गोळ्या दिल्या.

आणि ती ‘ओ’ काही वरल्या गावात राहिली नव्हती. घरी परतून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा दत्तरावांनी अंगणात उभं राहून सवयीनं हाक मारली, तर फार लांबून, शिवारापलीकडून, कुणी तरी ओ दिली. शेतातली एखादी बाई असेल असं त्यांनी धरून चाललं. संक्रांतीनंतर चुकून तोंडातून नाव गेलं, तेव्हा ती गावाबाहेरच्या चिंचेपासून आली. होळीच्या सुमारास शाळेच्या मागून आली. आवाज मनकर्णेचाच होता. तोच खणखणीत, हसऱ्या तोंडाचा. त्या दिवशी शेजारणीनं चहाचं आधण ठेवलं आणि भिंतीपलीकडून विचारलं, “वैनी बऱ्या झाल्या वाटतं, मास्तर?”

दत्तरावांनी हाक मारणं सोडलं. ज्या गोष्टीसाठी ते गल्लीत ओळखले जायचे, ती त्यांनी तोंडातून काढून टाकली. सायकल भिंतीला लावायची, खाकरायचं आणि आत यायचं. बायकोला ‘अगं’, ‘ऐकलं का’. त्यांच्या वडिलांनी आईला आयुष्यभर जशा हाका मारल्या, अगदी तशा.

पावसाळा लागल्यावर सगुणामावशी स्वतःहून आली. डोळ्यांसाठी नव्हे. वरल्या गावाची बातमी घेऊन आली होती. मावळतीचा बुरूज पडला. पाऊस नव्हता, वारा नव्हता, भर दुपारी दगडावरचा दगड सुटत गेला. आतून पोकळी निघाली. माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसेल तेवढी, आतले दगड अंग घासून घासून गुळगुळीत झालेले. हाड नाही, केस नाही, चिंधी नाही. मग तट गेला, मग घरांच्या माळवदांतून पाणी गळू लागलं. एका पावसात वरलं गाव उठलं. माणसं गाठोडी घेऊन खाली उतरली, आणि उतरताना पहिल्यांदाच एकमेकांना मोठमोठ्यानं नावानं हाका मारत होती, असं मावशी सांगत होती.

“ती निघालीय,” मावशी म्हणाली. “मोकळी झाली म्हणावं तर… नाव दुसऱ्याचं घिऊन निघालीय. हाक आली तिकडंच येनार ती. तू मारू नगंस, लेकरा.”

“आणि ही?” दत्तरावांनी विचारलं.

मावशीनं मनकर्णेकडं मान वळवली. ती मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली होती. एव्हाना कामं आवरली की ती तिथंच बसायची. आधी दुपारी, मग संध्याकाळीही. गुडघे पोटाशी, पाठ ताठ, भिंतीला चिकटलेली. मावशी म्हणाली, हिला दुसरं नाव दे. नाव नसलेलं माणूस बसूनच राहतं.

दत्तरावांनी तेही केलं. विहारात नेऊन, चार माणसांदेखत, बुद्धवंदना झाल्यावर नाव ठेवलं. यशोधरा. ते नाव दोन दिवस घरात फिरलं आणि कुणीच घेतलं नाही म्हणून विरून गेलं. मग सुजाता ठेवून बघितलं. मग आपल्या आईचं नाव दिलं. ती प्रत्येक वेळी ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि परत भिंतीशी जाऊन बसायची. शेवटी शेवटी तिनं कामं सोडली. दत्तरावच भाकरी थापू लागले. तिला भरवताना ते कधी कधी तिच्या पाठीशी हात घालून बघायचे. पाठ आणि भिंत यांत बोट जायलाही जागा नसे.

किल्लारीला भूकंप झाला त्या पहाटे झरीतली माणसंही अंगणात पळाली. उजाडल्यावर बघितलं, तर गल्लीतल्या बहुतेक भिंतींना भेगा गेल्या होत्या, शेजारणीच्या फडताळातली सारी भांडी खाली आली होती. दत्तरावांच्या घरात एक पोपडा उडाला नव्हता. मातीच्या कच्च्या भिंती, भाड्याचं घर. मालक येऊन भिंतीवरून हात फिरवून गेला, आणि जाता जाता म्हणाला, बांधकाम नशीबवान आहे. दत्तराव बायकोकडं बघत होते.

त्यानंतरची संक्रांत चौऱ्याण्णवची. त्या दिवशी बातमी आली, की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. झरीच्या वस्तीत हलगी कडाडली, निळा गुलाल उडाला. म्हातारी माणसं रस्त्यात उभी राहून रडत होती. पोरांनी दत्तरावांना शाळेतून उचलून आणलं आणि खांद्यावर घेऊन नाचवलं. तुरुंगातले सोबती त्यांना आठवले, आणि सोबत्यांपैकी जे हा दिवस बघायला उरले नव्हते तेही. अंगावरच्या गुलालासकट ते खांद्यावरून उतरले आणि घराकडं धावत सुटले. ही गोष्ट सांगायला त्यांच्याजवळ एकच माणूस होतं. गल्लीच्या तोंडाशी आले आणि किती दिवस दातांआड धरून ठेवलेलं ते तोंडातून निसटलं.

“मनकर्णा! अगं झालं! लागलं नाव!”

“ओ… आलेय मी.”

दत्तराव जागच्या जागी थांबले. शिवारातून नव्हे, चिंचेपासून नव्हे, शाळेमागून नव्हे. आवाज त्यांच्याच घरातून आला होता.

हलगी लांब कुठं तरी वाजत होती. दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं, दार सताड उघडं होतं. ते एकेक पाऊल टाकत दारापाशी गेले. मधल्या खोलीत त्यांची बायको भिंतीला पाठ लावून बसली होती. ओठ मिटलेले, डोळे समोर. आतल्या खोलीचा पडदा सोडलेला होता. त्याच्यामागं कुणी तरी हातातलं भांडं बेतानं खाली ठेवलं आणि लुगडं सावरलं.

दत्तरावांना ओरडायचं होतं. पण कुणाला ओरडून बोलवावं, तेच त्यांना उमगेना…

पडद्याची कड हलली. तशी त्यांच्या बायकोनं, दोन वर्षांत पहिल्यांदाच, पाठ भिंतीपासून सोडवली. ती बसल्या जागेवरून थोडी बाजूला सरकली आणि आपल्या शेजारी, एक बाई गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढी, जागा करून दिली.